शेरा : टोन उत्तम

सात दिवसांत आमच्या घरचं इंटरनेट एकवीस वेळा बंद पडलं. त्यांतल्या तीन वेळा वीज गेली होती. उरलेल्या अठरांचा खुलासा खाली देत आहे.

मी पाटबंधारे खात्यात आहे. रोज सकाळी आठला धरणावर जायचं, पाण्याची पातळी पाहायची, पर्जन्यमापकातला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षं करतो आहे. उन्हाळ्यात पाऊस नसतो, तरी मी जातो आणि शून्य लिहितो. (जाऊन लिहिलेला शून्य आणि घरी बसून लिहिलेला शून्य यांत फरक असतो. हे आमच्या घरात माझ्याशिवाय कोणाला पटलेलं नाही.)

माझी मुलगी प्रणाली पुण्याच्या एका कंपनीत विम्याची कागदपत्रं तपासायचं काम करते. तीन वर्षं तिनं तिथं चौघींच्या खोलीत काढली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न, मुलगा खामगावचा. म्हणजे जळगाव जामोदच्या आमच्या घरात राहायला तिच्याकडे एकच वर्ष उरलं होतं, आणि ते तिला घरीच काढायचं होतं. हे तिनं बोलून दाखवलं नाही, मीही दाखवलं नाही. आम्ही दोघं फक्त इंटरनेटबद्दल बोललो.

कंपनीची अट साधी होती. घरून काम करायचं तर तारेचं इंटरनेट पाहिजे, मोबाइलचं चालणार नाही. कामाचे सात दिवस, नऊ ते पाच, कंपनीचा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपमध्ये बसून लाइन किती वेळा तुटते ते मोजणार. वीस वेळा तुटली तर माफ. एकविसाव्यांदा तुटली की बॅग भरून पुण्याला.

"वीस म्हणजे चिक्कार झाले," मी म्हणालो. "दिवसाला दोन पूर्णांक शहाऐंशी शतांश."

"ते शहाऐंशी शतांश कसं तुटन, बाबा?" प्रणाली म्हणाली.

आमच्या गल्लीत फायबर आलेलं नव्हतं. चौकापर्यंत त्याचा खड्डा आला होता. तेव्हा लाइनमन वानखडेंनी उपाय सांगितला, की घरात जुना फोन आहे, त्याच्याच तांब्याच्या तारेतून इंटरनेट येतं. वानखडे निवृत्तीला आलेले गृहस्थ. खांद्याला पिशवी, खिशात पकड, आणि जगातल्या कोणत्याही बिघाडाचं त्यांना आश्चर्य वाटत नाही. त्यांनी खालच्या खोलीत भिंतीला एक पांढरी डबी ठोकली. डबीच्या एका भोकात फोन, दुसऱ्यात मोडेम.

"हे डबी फोनचा आवाज इकडं काढते अन् नेट तिकडं," ते म्हणाले. "डबीच्या मांगं फोन असला तं बेफिकीर बोला. अन् डबीच्या अगुदर जर कुठं फोन जोडला असन, तं त्यानं खेळ बिघडते. घरात दुसरा फोन हाये काय?"

"नाही," मी म्हणालो.

आता हे लिहायला जड जातं, पण होता. खांबावरून आलेली तार आमच्या घरात आधी माडीवरच्या खोलीच्या खिडकीत शिरते आणि तिथून खाली उतरते. तेवीस वर्षांपूर्वी, पावसाळ्यात धरणावरून निरोप आला की मला माडीवरून खाली पळावं लागे. दुसरा फोन घ्यायचा तर अर्ज, मंजुरी आणि प्रतीक्षा. म्हणून एका दुपारी मी खिडकीतच तारेला तार पिळून करड्या रंगाचा एक जुना फोन जोडून टाकला. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव बेकायदा काम. तेव्हापासून त्या फोनवर टॉवेल असतो. आणि तेवीस वर्षं लपवलेली गोष्ट एकाएकी सरकारी माणसासमोर सरकारी माणसानं कशी सांगावी? शिवाय फोन म्हणजे काय, एका जागी बसून असतो. तो कुणाचं काय बिघडवणार, असं मला वाटलं.

जाताना वानखडेंनी मला एक गोष्ट शिकवली. त्यांना ती फार महागात पडली नाही, आम्हाला पडली.

"नेट गेलं की पहिले फोन उचलून टोन पाहा. टोन साफ असला म्हंजे तार शाबूत हाये असं समजा."

आता बिघाड झाल्यावर तपासणं ही बेशिस्त माणसाची पद्धत. पूर आल्यावर पातळी पाहण्यासारखं ते. मी बिघाडाच्या आधीच टोन पाहायचं ठरवलं, नियमित, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, माडीवरच्या फोनवर. (खालच्या खोलीत प्रणाली काम करायची. तिला त्रास नको.) एक नवी वही केली. रकाने पाच : तारीख, टोन पाहिल्याची वेळ, टोन, इंटरनेट बंद पडल्याची वेळ, शेरा.

कंपनीच्या सात दिवसांच्या परीक्षेआधी सरावाचा एक पंधरवडा होता, त्यात इंटरनेट रोज दोनदा बंद पडलं.

मी वानखडेंना बोलावलं. ते जिना चढून वर तपासायला येतील या धास्तीनं मी आधी करडा फोन काढला, टॉवेलात गुंडाळला आणि गव्हाच्या कोठीत पुरला. वानखडे दोन तास बसले. दोन कप चहा झाला. इंटरनेट हललं नाही. ते गेले, मी फोन गव्हातून काढला, झटकला, जोडला, टोन पाहिला. टोन उत्तम. खालून प्रणालीचा आवाज आला, "गेलं!"

पुन्हा बोलावलं. पुन्हा कोठी, पुन्हा चहा, पुन्हा दोन तास अखंड इंटरनेट.

"वानखडेभाऊ," माझी बायको सुनंदा म्हणाली, "तुमी निवृत्त झाल्यावर आमच्याच घरी राहाले या. तुमाले पाहून नेट भेते."

"मले सारेच भेतात वहिनी," वानखडे म्हणाले, "फक्त आमची बायको सोडून."

इथं कोणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला आली नाही, कारण माझ्याकडे आकडे होते. आणि आकडे स्पष्ट सांगत होते, की इंटरनेट मी टोन पाहण्याच्या पाच मिनिटं आधी बंद पडतं. कंपनीच्या प्रोग्राममध्ये बंद पडल्याची वेळ नऊ पंचावन्न, माझी टोनची वेळ दहा. तिथं दोन पंचावन्न, इथं तीन. म्हणजे बिघाड आधी आणि मी नंतर. मी तर उलट खूष होतो, की बघा, बिघाड होतो न होतो तोच आपण हजर.

(माडीवरचं घड्याळ सुनंदानं लग्न झाल्यापासून पाच मिनिटं पुढे ठेवलेलं आहे. मला धरणावर आठला पोचायचं असतं म्हणून. हे मला माहीत होतं. मी रोज त्या घड्याळातून पाच मिनिटं वजा करूनच घराबाहेर पडतो. वहीत लिहिताना मात्र वजा करायचं राहिलं.)

परीक्षेचा सोमवार उजाडला. मी आयुष्यात पहिल्यांदा लेकीसाठी रजा काढली. धरणावर शून्य लिहायचं काम सहकाऱ्याकडे सोपवलं आणि वही घेऊन माडीवर बसलो. गोष्ट गंभीर होती, म्हणून निरीक्षणं दोनावरून पाचावर नेली.

सोमवारी इंटरनेट पाच वेळा बंद पडलं.

मंगळवारी मी निरीक्षणं सहा केली. इंटरनेट सहा वेळा बंद पडलं. हा योगायोग मला इतका विलक्षण वाटला की मी तो लाल शाईनं अधोरेखित केला.

संध्याकाळी प्रणाली ताटावर बसली आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. "अकरा झाले," म्हणाली. "नऊ उरले. पाच दिवस आहेत."

"पुण्याची ते खोली अजून रिकामी हाये काय?" सुनंदानं विचारलं.

"आई, तू आत्ताच कायले इचारते?"

"सयपाकाले भांडी लागतीन. मी काढून ठेवतो."

तिनं भांडी काढली नाहीत. पण ती ज्या आवाजात बोलली, त्यानं मला जेवण गेलं नाही. मी वही घेऊन बसलो आणि गुन्हेगार शोधून काढला : शेजारचे रऊफभाई.

रऊफभाईंचं वेल्डिंगचं दुकान आमच्या भिंतीला लागून आहे. लोखंडी फाटकं, खिडक्या, जिने. ठिणग्या उडतात, आमचा दिवा कधीकधी मिणमिणतो. वेल्डिंगनं आमच्या तारेत गडबड होत असणार, हे मला आता दिसत होतं. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सगळे रकाने समजावले. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"भाऊ, मले हे आकडे काई समजून नाई राह्यले," ते म्हणाले. "पण पोरीचा सवाल हाये ना? मंग उद्या मशीन बंद."

"तुमचं काम?"

"एका शादीवाल्याचं फाटक हाये. त्याले सांगतो, शादी फाटकाबगैर बी होते."

बुधवारी रऊफभाईंचं दुकान बंद होतं. दुपारच्या आत इंटरनेट तीन वेळा गेलं.

चौदा झाले. बाराच्या सुमाराला रऊफभाई स्वतःच आमच्या माडीवर आले. एक तर त्यांना काम नव्हतं, आणि दुसरं म्हणजे आपल्यावरचा आळ खोटा ठरल्याचा आनंद त्यांना चारचौघांत मिरवायचा नव्हता. भला माणूस. मी म्हटलं बसा, टोन पाहायची वेळ झाली आहे. टॉवेल काढला आणि फोन उचलला.

"टोन उत्तम," मी म्हणालो.

"गेलं!" खालून प्रणाली.

मी घड्याळ पाहून वेळ लिहिली. रऊफभाईंनी आपल्या मोबाइलात पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळात, मग माझ्याकडे.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "हे घड्याळ पुढं हाये."

"पाच मिनिटं. का?"

"नाई, काई नाई. तुमी फोन उचलला अन् पोरगी ओरडली. मदात येक सेकंद बी नव्हता."

मी म्हणालो, योगायोग असेल. सोमवारपासून बरेच योगायोग होत आहेत. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. तीन मिनिटांनी खालून "आलं" अशी हाक आली. मी फोन पुन्हा उचलला.

"गेलं!"

"दिसलं काय?" रऊफभाई म्हणाले. "आता ठेवा तो फोन."

आता माझी बाजू समजून घ्या. पर्जन्यमापनात तीन वेळा वाचन घेऊन खात्री करावी, असं मी नोकरीला लागलो तेव्हा मला शिकवलं होतं. दोन निरीक्षणं म्हणजे शंका. तीन म्हणजे पुरावा. मी "आलं" ऐकू येईपर्यंत थांबलो आणि तिसऱ्यांदा फोन उचलला.

"गेलं!" या वेळी आवाजात रडू होतं. मी चौथ्यांदा हात पुढे केला नव्हता, नुसता विचार करत होतो, तोच रऊफभाईंनी माझं मनगट धरलं. लोखंड वाकवणारा हात आहे तो.

सुनंदा धापा टाकत वर आली. "अजी, काय करून राह्यले तुमी वर? थे पोरगी खाली रडून राह्यली, अन् तुमी फोनसंग खेळता?"

"कारण सापडलं," मी म्हणालो.

"काय हाये कारण?"

रऊफभाईंनी माझं मनगट सोडलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

"मी," मी म्हणालो.

सतरा झाले होते. त्यांतले तीन निव्वळ पुराव्याचे.

संध्याकाळी वानखडे आले. करडा फोन, टॉवेल आणि खिडकीतली पिळलेली तार त्यांनी क्रमानं पाहिली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. फक्त फोनच्या आकड्यांच्या भोकातून त्यांनी गव्हाचा एक दाणा काढला आणि माझ्या वहीवर ठेवला.

"गावंडेसाहेब, हा डबीच्या अगुदरचा फोन. उचलला की नेट मरते. आता मी तार तोडतो, दोन सेकंदाचं काम." त्यांनी पकड काढली. पकडीच्या दोन ओठांमध्ये तार आली.

आणि मी म्हणालो, "थांबा."

हा शब्द मला अजून ऐकू येतो. पण मला वाटलं, तेवीस वर्षं बेकायदा चाललेली गोष्ट निदान कायदेशीर संपावी. मी म्हणालो, मी रीतसर अर्ज देतो, कबुली देतो, त्याची पोच मिळू द्या, मग तोडा, तोवर फोन पुरावा म्हणून आहे तिथंच जोडलेला राहू द्या.

"अजी, कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहतो आहे ना," मी म्हणालो.

वानखडेंनी पकड खिशात ठेवली. "बरं. मंग निदान येक करा. तुमी त्याले हात लावू नका."

मी शब्द दिला. पण माझ्या शब्दावर आता घरात कोणाचा भरवसा नव्हता. प्रणाली डोळे पुसून म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्याकडं जा. सोमवारी परीक्षा संपते, मंगळवारी या."

माझी बहीण मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमला राहते. गुरुवारी पहाटे मी निघालो. नांदुरा, खामगाव, मेहकर अशा गाड्या बदलत दुपारी पोचलो. प्रणाली रोज पाचला मोबाइलवर फक्त एक आकडा पाठवणार होती. गुरुवारचा आकडा आला : वीस. खाली एक ओळ होती, "टेलिफोन ऑफिसची लाइट तीनदा गेली, तुमचा हात नाही." आपण निर्दोष आहोत याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं. आता एकही वेळ शिल्लक नव्हती. शुक्रवार, शनिवार, सोमवार. एकदा जरी तुटलं, तरी लेक पुण्याला.

शुक्रवारी आकडा आला : वीस. शनिवारी : वीस. मी बहिणीच्या अंगणात फेऱ्या मारल्या, तिच्या पाण्याच्या टाकीची खोली मोजली, आश्रमात जाऊन डोळे मिटून बसलो आणि डोळ्यांसमोर वीसचा आकडा आला.

"दादा, बस न जरा," बहीण म्हणाली. "तू दूर हाये म्हणूनच तं सुरळीत चालू हाये सारं."

सोमवारी दुपारी चार वाजले. सव्वाचार. साडेचार. चार चाळीसला मला राहवलं नाही. विचार मात्र मी पूर्ण केला, हे नमूद करतो. प्रणालीच्या मोबाइलवर फोन करायचा तर तिच्या कामात अडथळा. सुनंदाच्या मोबाइलला आमच्या गल्लीत रेंज नसते. उरला घरचा फोन. तो डबीच्या मागे आहे, त्यावर बेफिकीर बोला असं खुद्द वानखडेंनी सांगितलेलं. वरच्या फोनला हात लावायचा नाही हा माझा शब्द, आणि मी तर त्याच्यापासून चार गाड्या दूर. कोणत्याही बाजूनं नियमभंग होत नव्हता. मी नंबर फिरवला.

चार वेळा वाजल्यावर सुनंदानं उचलला. "हॅलो?"

"मी बोलतो आहे. नेट चालू आहे ना?"

तेवढ्यात पलीकडून, खूप खालून, जिन्याच्या तळातून आल्यासारखा एक आवाज आला. "गेलं."

या वेळी त्यात ओरडणं नव्हतं. नुसतं सांगणं होतं.

"तुमचा फोन येईपर्यंत होतं," सुनंदा म्हणाली.

"तू कुठून बोलते आहेस?"

"कुठून म्हंजे? माडीवरून. गच्चीवर कुरडया वाळू घातल्या, त्या उलट्या करून राह्यली होती. वाजला म्हणून इथलाच उचलला."

"अगं, त्याला हात लावायचा नाही म्हणून वानखडेंनी सांगितलं होतं."

"तुमाले सांगलतं," सुनंदा म्हणाली. "मले कुठं? मी त्याले तेवीस वर्षांत आजच पहिल्यांदा हात लावला."

हे खरं होतं. फोन ठेवावा की धरून ठेवावा हेही कळेना, कारण आता दोन्ही सारखंच होतं. पाचला आकडा आला. त्याच्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

मी परत आलो त्याच्या चौथ्या दिवशी प्रणाली पुण्याला गेली. स्टँडवर तिला सोडायला रऊफभाईही आले होते. शादीवाल्याचं फाटक शादीनंतर लागलं, असं त्यांनी हसत सांगितलं. गाडीत बसताना प्रणाली मला म्हणाली, "बाबा, रडू नका. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं." मी रडत नव्हतो. पण तिनं सांगितल्यावर सुरू झालं.

माझ्या अर्जाची पोच नंतर आली. वानखडेंनी रीतसर येऊन तार तोडली. दोन सेकंद लागले. तेव्हापासून आमच्या घरी इंटरनेट अखंड चालू आहे, नऊ ते पाच आणि पाच ते नऊ. वापरायला कोणी नाही. दर रविवारी सुनंदा त्याच्यावर प्रणालीचा चेहरा पाहते, आणि चेहरा अगदी स्वच्छ दिसतो, थांबत नाही, अडकत नाही.

मागच्या रविवारी मी प्रणालीला विचारलं, "तिकडं लाइन दिवसाला किती वेळा तुटते?"

"एकदाही नाई."

"पाहत असतेस ना नीट?"

"नाई पाहत, बाबा. म्हणूनच नाई तुटत."

यंदा मृग कोरडा गेला. मी रोज आठला धरणावर जातो आणि शून्य लिहून येतो. काल परतताना रऊफभाईंनी दुकानातून हाक मारली. बरंच चाचरत म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. पण चार दिवस तुमी नका जाऊ मोजाले. पाऊस येते का, पाहून घेऊ."

सव्वीस वर्षांचा अनुभव सांगतो, की मोजल्यामुळे पाऊस थांबत नाही. तरीही मी आज सकाळी रजेचा अर्ज दिला आहे.